लेकरू मला शिवू देत नाही, डॉक्टर ओसीडी म्हणतात. गोळ्या द्याव्यात का?

औसा_कोरडवाहू

नमस्कार. मी एरवी इथं सोयाबीनचे भाव आणि पीकविम्याचे धागे वाचून गप बसणारा माणूस. आज घरचं लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

थोरला मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत. शेत साडेसहा एकर, सोयाबीन आणि तूर. म्हणजे पाठीवर पंप आलाच, आधी खोडमाशी, मग चक्री भुंगा, मग अळी. शाळेत कृषी खात्याचे लोक येऊन औषधाच्या डब्यावरच्या त्रिकोणाची माहिती देऊन गेले होते. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, सगळ्यांत सौम्य हिरवा. पोराचं एका दमात पाठ. मला बरंच वाटलं तेव्हा.

मग मी फवारून आलो की तो लांब उभा राहायला लागला. ते ठीकच आहे. कपडे वेगळे धुवा म्हणाला, ते आम्ही आधीपासून करतो. मग दोनदा धुवा म्हणाला. मग पुढच्या दारानं येऊ नका. मग गाडीच्या हँडलला हात लावेना, मग माझा मोबाईल, मग मी बसतो ती खुर्ची. फवारणी संपली, उन्हाळा आला, पंप माळ्यावर गेला, तरी हे वाढतच गेलं. यंदा पोळ्याला बैलाला हात लावला नाही, कारण बैल मी धुतले होते. परवा शाळेत जाताना दिलेली दहाची नोट दोरीवर सापडली, कपड्याच्या चिमट्याला लावून. साबणानं धुतलेली. आता शाम्पूच्या पुडीवर, बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा त्रिकोण शोधतो.

हाताचं तर विचारू नका. बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात, जेवताना मीठ लागलं की डोळ्यांत पाणी येतं, आणि जेवण झालं की पुन्हा हौदावर. ज्या जिल्ह्याला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या जिल्ह्यात हे चाललंय. गावात नळ आठवड्यानं येतो. बायको रात्री हौदाचं झाकण लावून त्यावर दगड ठेवते. मग तो रडतो, आणि ती काढून देते.

दुसरं म्हणजे विचारणं. "पप्पा, झाकण लावलं का?" कसलं झाकण, तर गोठ्यातल्या डब्याचं. मी "लावलं" म्हणायचं. "हो" म्हटलेलं चालत नाही, "लावलं"च म्हणायचं, आणि वैतागून म्हटलं तर तेही चालत नाही, पुन्हा पहिल्यापासून. रात्री जेवून पाठ टेकली की हेच. त्याच्या आईला तर दिवसभर "काही होत नाही" म्हणावं लागतं. स्वयंपाक करताना, फोनवर बोलताना, कुठंही.

आमची माय म्हणते बाहेरचं आहे. एका ठिकाणी नेऊन आणलं, अंगारा दिला, तो यानं खाल्ला नाही, कागदात काय मिसळलंय म्हणाला. मेहुणा म्हणतो लाडावलाय. शाळेतून निरोप येतो की लिखाण अपुरं, सारखा हात धुवायला जातो.

शेवटी लातूरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी नीट वेळ देऊन विचारलं, ओसीडी आहे म्हणाले, म्हणजे नको ते विचार सारखे येतात आणि ते घालवायला तेच तेच करत राहावं लागतं तो आजार. सरट्रालिन 25 लिहून दिली आणि दर आठवड्याला वर्तन उपचारासाठी या म्हणाले. मेडिकलवाला म्हणाला, "एवढ्या लेकराला ही गोळी?" मोबाईलवर बघितलं तर आत्महत्येचा इशारा वगैरे लिहिलेलं. पाकीट फडताळात पडून आहे. बायको म्हणते द्यायची नाही.

तर विचारायचं हे, की गोळी द्यावी का. नुसत्या समजावण्यानं जाईल का. आणि तोवर घरी कसं वागायचं, कारण रागावलं तरी वाढतं आणि त्याच्या मनासारखं केलं तरी वाढतं. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

येडशीचे_काका

एवढ्या तेवढ्याला डॉक्टर आणि गोळ्या. आम्ही फवारणी केलेल्या रानात बसून भाकरी खाल्ली, काही झालं नाही. आठ दिवस पोराला शेतावर ठेवा, खुरपं हातात द्या, साबण लपवा. दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी विसरेल. लाड बंद करा, बापू.

औसा_कोरडवाहू

काका, साबण लपवून बघितला. मातीनं हात घासत होता, रक्त येईस्तोवर.

परभणीच्या_बाई

दादा, काकांचं मनावर घेऊ नका. आणि काका, फवारलेल्या रानात बसून भाकरी खाणं ही सांगायची गोष्ट नाही हो. 2017 ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझी मुलगी आता बारावीला आहे, तिला हे चौथीत सुरू झालं. तिचं धुण्याचं नव्हतं, लिहिण्याचं होतं. एक अक्षर मनासारखं आलं नाही की खोडायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा खोडायचं. वहीला भोकं. एका पानाला संध्याकाळ जायची. आणि पान बिघडलं तर आजीला काहीतरी होईल असं तिच्या डोक्यात. हे "आजीला" प्रकरण आम्हाला फार उशिरा कळलं, कारण ती सांगायचीच नाही. मास्तरणीची मुलगी म्हणून सगळे कौतुक करायचे, अक्षर किती वळणदार! ती दाराआड रडायची.

तुम्ही लिहिलंय की रागावलं तरी वाढतं आणि मनासारखं केलं तरी वाढतं. अगदी तसंच आहे. आम्हाला बाईंनी (मानसोपचार तज्ज्ञ, संभाजीनगरला जायचो, नंतर व्हिडिओ कॉलवर) जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. मनात भीतीचा विचार येतो. तो घालवायला लेकरू काहीतरी करतं, धुतं, खोडतं, विचारतं. क्षणभर बरं वाटतं. त्या बरं वाटण्यानंच मेंदू शिकतो की धोका खरा होता आणि धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी जोरात. तुम्ही "लावलं" म्हणता ना, ते उत्तर त्याच्या धुण्यासारखंच आहे, फक्त ते तुमच्या तोंडून करून घेतो. बायको दगड काढून देते, तेही तेच. त्याला मी हातभार म्हणते. बाई म्हणाल्या होत्या की बहुतेक सगळ्याच घरांत हा हातभार लागतो, कारण रडणारं लेकरू कुणाला बघवतं?

पण म्हणून उद्यापासून सगळं बंद, असं करायचं नाही. साबण लपवणं म्हणजे तेच झालं. लेकराला बरोबर घेऊन, ठरवून, एकेक कमी करायचं. आमच्याकडे पहिल्यांदा काय केलं तर त्या आजाराला नाव ठेवलं. मुलीनं नाव ठेवलं "साहेब", शाळा तपासायला येतात ते. मग ती म्हणायची, "आई, साहेब आले, म्हणतात 'ळ' नीट नाही." मी म्हणायचे, "साहेबांना चहा पाजून लावून दे." हसण्यावारी वाटेल, पण त्यानं एक झालं, आजार वेगळा आणि पोर वेगळी झाली. तोवर आम्ही तिच्याशीच भांडत होतो.

मग शिडी. कशाची किती भीती वाटते त्याला तिनंच दहापैकी मार्क द्यायचे. सगळ्यांत कमी मार्काचं आधी. तिचं पहिलं काम होतं, रोज एक "ळ" मुद्दाम वाकडा काढायचा आणि खोडायचा नाही. वही मिटून ठेवायची. तिला घाम यायचा, पोटात गोळा यायचा, वहीभोवती घिरट्या घालायची. आणि मग आपोआप कमी व्हायचं, कधी लवकर, कधी झोपेपर्यंत नाही. काही दिवसांनी त्या वाकड्या "ळ"चं काही वाटेनासं झालं, मग एक अख्खी ओळ वाकडी, मग दुसऱ्या विषयाच्या वहीत, मग बाईंना दाखवायच्या गृहपाठात. त्या वर्गशिक्षिकेला मी आधी सांगून ठेवलं होतं, नाहीतर लाल पेनानं सगळं पाण्यात गेलं असतं.

एक विचारू? त्याला असं विचारलंत का, की औषध लागलं तर काय होईल? आणि कुणाला होईल? माझ्या अनुभवात वर दिसतं ते एक असतं, खाली दुसरं असतं. घाई करून नको. रात्री अंधारात, आईनं विचारलेलं बरं, तोंड दिसत नाही तेव्हा मुलं बोलतात.

मनाची_डॉक्टर

मी मानसोपचारात काम करते, मुलांसोबत बऱ्यापैकी. तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे डोस वगैरे तुमच्या डॉक्टरांचाच. पण प्रश्न सरळ आहे म्हणून सरळ उत्तर देते.

मुलांच्या ओसीडीत पहिला उपचार म्हणजे वर बाईंनी सांगितला तोच. भीतीला पायरी पायरीनं सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही, असा वर्तनोपचार. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ईआरपी म्हणतात. नुसतं समजावणं, "बाळा, असं काही नसतं", हा उपचार नाही. ते तर आणखी एक "काही होत नाही". त्रास मध्यम ते जास्त असेल, म्हणजे शाळा, जेवण, झोप, घर सगळं अडत असेल, तर सोबत गोळी. तुमच्या वर्णनावरून डॉक्टरांनी दोन्ही का सांगितलं ते कळतं.

आकडे हवे असतील तर 2004 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास आहे, 7 ते 17 वयाची 112 मुलं, बारा आठवडे. ज्यांना वर्तनोपचार आणि सरट्रालिन दोन्ही मिळालं त्यांच्यातली जवळजवळ 54 टक्के मुलं आजारातून बाहेर आल्यासारखी झाली. फक्त वर्तनोपचार, 39 टक्के. फक्त सरट्रालिन, 21 टक्के. नुसती औषध नसलेली गोळी, 4 टक्क्यांहून कमी. म्हणून मी पालकांना सांगते, गोळी घ्या पण गोळीच्या भरवशावर राहू नका. लातूरचे डॉक्टर दर आठवड्याला बोलावत आहेत हे तुमचं नशीब समजा, सगळीकडे ती सोय नाही.

मेडिकलवाल्याची शंका चांगल्या मनानंच असेल, पण सरट्रालिनला अमेरिकेत सहा वर्षांपुढच्या मुलांच्या ओसीडीसाठी मान्यता आहे, 1997 पासून. याच आजाराच्या दुसऱ्या गोळ्यांत फ्लुऑक्सेटिन सातच्या पुढे, फ्लूव्हॉक्सामिन आठच्या पुढे, जुनं क्लोमिप्रामिन दहाच्या पुढे. ही झोपेची गोळी नाही आणि तिची तलफ लागत नाही. मात्र अचानक बंद करायची नाही, डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळूच कमी करायची.

तुम्ही वाचलेला इशारा खरा आहे. 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तो पाकिटावर छापायला लावला. चोवीस अभ्यासांतली सुमारे 4,400 मुलं-मुली एकत्र पाहिली तेव्हा असे विचार किंवा वागणं, गोळी घेणाऱ्यांत 4 टक्के आणि न घेणाऱ्यांत 2 टक्के दिसलं. त्या अभ्यासांत एकाही मुलाचा त्यानं मृत्यू झाला नव्हता. याचा अर्थ गोळी टाकून द्या असा नाही. पहिले काही आठवडे आणि डोस वाढवला की तेव्हा, लेकरावर लक्ष ठेवा. एकदम चिडचिड, झोप उडणं, पाय स्थिर न राहणं, मरणाबद्दल बोलणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. पोटदुखी आणि मळमळ बहुधा सुरुवातीला होते आणि जाते.

गुण लगेच दिसणार नाही. ओसीडीत आठ ते बारा आठवडे धरून चाला. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून बंद करणारे फार बघते मी, आणि बंद करून मग अंगाऱ्याला जाणारेही. अंगारा लावायचा तर लावा, त्याला माझी ना नाही. गोळी थांबवून नको.

आणि सांगा, हे हळूहळू वाढलं की एका रात्रीत सुरू झालं? घसा दुखून ताप आला आणि दोन-तीन दिवसांत मूल पार बदललं, असं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. त्याचा विचार वेगळा करतात.

नांदेडहून_वाचक

माझ्या पुतण्याला हेच होतं, नळ बंद केलाय का ते बघत राहायचा. त्याच्या डॉक्टरांनी आजी-आजोबांनाही बोलावलं होतं. घरात चौघांनी उत्तर देणं बंद केलं आणि आजी हळूच देत राहिली तर काही उपयोग नाही असं म्हणाले. एवढंच सांगायचं होतं.

औसा_कोरडवाहू

सगळ्यांचे आभार. मॅडम, हळूहळूच वाढलं. घसा, ताप काही आठवत नाही.

ताई, तुम्ही म्हणालात तसं त्याच्या आईनं विचारलं. लाईट गेली होती, माळवदावर झोपले होते दोघं. मी खाली होतो, ऐकू येत होतं. पहिल्यांदा काही बोलला नाही. मग म्हणाला, गल्लीतले काका. दोन वर्षांमागं आमच्या गल्लीत एकानं औषध घेतलं होतं, कर्जापायी. त्यांचा मुलगा याच्याच वर्गात. आम्हाला वाटलं, लेकरांना काय कळतं. सगळं कळतं. म्हणाला, "पप्पाच्या हाताला औषधाचा वास येतो. मी नीट हात धुतले आणि पप्पानं लावलं म्हटलं, तर पप्पाला काही होत नाही."

म्हणजे तो मला विटाळ मानत नव्हता. मी मरीन म्हणून धूत होता.

आता मला हे कळत नाही, की हे ऐकल्यावर त्याला "लावलं" म्हणायचं नाही तर कसं? एवढं मोठं भ्या आणि बापानं उत्तर द्यायचं नाही?

मनाची_डॉक्टर

पहिलं म्हणजे, मी तुम्हालाच विचारते, आडवळण न घेता. तुमच्या मनात तसे विचार येतात का? येत असतील तर आजच 14416 ला फोन करा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. मुलाच्या उपचाराबद्दलही त्यांना विचारता येतं.

दुसरं. यात दोन गोष्टी गुंतल्यात आणि त्या सोडवल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. औषध खरंच विषारी आहे आणि गल्लीत खरंच माणूस गेला. ती भीती आजार नाही, तिचं उत्तर मोठ्यांनी द्यायचं. डबे कुलपात, किल्ली मोठ्या माणसाकडं, घरापासून लांब. रिकामे डबे पाण्याला वापरायचे नाहीत. फवारणीनंतर आंघोळ, कपडे वेगळे. हे मुलगा म्हणतो म्हणून नाही, करायचंच असतं म्हणून, एकदाच आणि ठरल्या वेळी. आणि तुम्ही त्याला जवळ बसवून एकदा सरळ सांगा की काकांचं वाईट झालं, मला अडचण आली तर मी कुणाला तरी सांगीन, माझा तसा विचार नाही. खरं असेल तेच सांगा. हे उत्तर एकदा.

त्यानंतर रोज रात्री जे विचारलं जातं तो प्रश्न नाही, ती कृती आहे. फरक कसा ओळखायचा? खऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं की तो मिटतो. "लावलं" हाच शब्द, त्याच सुरात, नाहीतर पहिल्यापासून, हे प्रश्नाचं लक्षण नाही. हात धुणं आणि बापाचं आयुष्य यांची सांगड घालणं ओसीडीत फार दिसतं, त्यात तुमच्या मुलाचं विचित्र असं काही नाही. ते त्यालाही सांगा, मुलांना वाटतं जगात आपल्यालाच असं होतं.

उत्तर द्यायचं नाही म्हणजे तोंड फिरवायचं नाही. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी पालकांसाठी एक पद्धत बसवली आहे, तीत लेकराला काही करायला न लावता आईबाप आपलं वागणं बदलतात. त्यातला गाभा असा, की भीती मान्य करायची आणि त्याच दमात विश्वास दाखवायचा. तुमच्या भाषेत, "भ्या वाटतंय ते दिसतंय मला. ते सोसायची ताकद आहे तुझ्यात." बस. हेही एकदाच म्हणा, नाहीतर चार दिवसांत तो याचंच "लावलं" करील. आणि सुरुवात करायच्या आधी, दिवसाउजेडी, शांत असताना त्याला सांगून ठेवायचं की अमुक दिवसापासून आम्ही असं म्हणणार आहोत, कारण साहेबांना आम्ही मदत करणार नाही, तुला करणार. सुरुवातीला रडणं, आदळआपट वाढेल. त्याची तयारी ठेवा, म्हणूनच हे डॉक्टरांसोबत करायचं.

औसा_कोरडवाहू

मॅडम, कर्ज आहे, सोसायटीचं आणि सोनारकीचं. पण तसा विचार नाही, देवाशपथ. नंबर लिहून ठेवलाय.

डब्यांना कुलूप लावलं. जुनी लोखंडी पेटी होती, ती गोठ्याच्या मागच्या खोलीत ठेवली, किल्ली बायकोच्या गळ्यात. पोरानं विचारलं, मी बघू का कुलूप. बायकोनं मला विचारलं, दाखवू का. मी म्हटलं एकदा दाखव. बरोबर ना?

त्याला जवळ बसवून बोललो. लांबच बसला, पण ऐकलं. साहेबांचं सांगितलं तर म्हणाला, साहेब नको, त्याला नाव "तलाठी". का, तर सारखा कागद मागतो म्हणून. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसलो घरात.

परभणीच्या_बाई

तलाठी भारीच! पोरगं निम्मं निसटलंय त्याच्या हातून.

कुलूप एकदा दाखवलंत ते ठीक. आता रोज दाखवायचं नाही, आणि किल्ली गळ्यात दिसली की तो तिच्याकडे बघत राहील, तेव्हा पदराआड असू द्या.

शिडीला तुमच्याकडं काय काय आहे ते मला दिसतंय. दहाची नोट आहे, खुर्ची आहे, गाडीचं हँडल, मोबाईल, तुमचा धुतलेला सदरा, बैल. मार्क त्यालाच देऊ द्या. मला वाटतं नोट सगळ्यांत खाली असेल, पण मुलं कधी कधी भलतंच सांगतात, माझ्या मुलीला गणितापेक्षा चित्रकलेची वही जड होती. नोट घ्यायची, खिशात ठेवायची, धुवायची नाही, त्याच हातानं शाळेचा डबा खायचा. एवढंच, एका वेळी. आणि बक्षीस पैशाचं नको, तुमच्यासोबत काहीतरी. गाडीवर औशाच्या किल्ल्यापर्यंत चक्कर, हँडलचं होईल तेव्हा.

शाळेत वर्गशिक्षकांना भेटा, मुलाच्या पाठीमागं नाही, त्याला सांगून. दोन गोष्टी मागा. हात धुवायला जाण्याची परवानगी ठरावीक वेळीच, एकदम बंद नाही. आणि वर्गासमोर त्यावर बोलायचं नाही. आम्ही शिक्षक लोक चेष्टेत बोलून जातो आणि वर्ग ते वर्षभर चालवतो. सहावीत आहे म्हणून कुणी आताच लातूरच्या क्लासचं, हॉस्टेलचं काढेल, "लातूर पॅटर्न"ची हवाच तशी आहे. हे वर्ष तरी त्या वाटेला जाऊ नका.

मनाची_डॉक्टर

बाईंच्या शिडीला एक कडक सूचना. खरं औषध, उघडा डबा, फवारलेलं रान, न धुतलेला फवारणीचा सदरा, यातलं काही शिडीत येत नाही. कधीच नाही, वरच्या पायरीलाही नाही. बाकीची शहाणी माणसं जेवढी काळजी घेतात तेवढी त्यानंही घ्यायची, त्याहून जास्त नाही. हात जेवणाआधी, संडासहून आल्यावर आणि दिसेल असा मळ असेल तेव्हा. साबण एकदा. चिरांना खोबरेल किंवा व्हॅसलिन.

येडशीचे_काका

माझ्या चुलतभाऊ मंडळींत असंच एक लेकरू होतं. आम्ही त्याला खुळं म्हणायचो. गोळी देऊन बघा बापू.

औसा_कोरडवाहू

काका, देतोय. बायको तयार झाली, पण पहिली गोळी डॉक्टरांना पुन्हा भेटून त्यांच्यासमोर विचारून मगच म्हणते. सोमवारचा नंबर लावलाय. सोबत काय न्यावं?

मनाची_डॉक्टर

जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांचं पाकीट, आधी काही दुसरी औषधं दिली असतील तर तीही. या धाग्यात पहिल्यांदा लिहिलंत तेवढं कागदावर उतरवून न्या, तोंडी सांगताना निम्मं राहतं. गल्लीतल्या काकांचं त्यांना नक्की सांगा, मागच्या वेळी ते निघालं नसणार. घरात, दोन्हीकडच्या नात्यात, कुणाला असा त्रास, मानेचे-डोळ्यांचे झटके, उदासी, झोपेचे आजार होते का ते विचारून ठेवा. डॉक्टर एक प्रश्नावली घेतील, दहा प्रश्नांची, चाळीसपैकी गुण असतात. तो आकडा लिहून घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा काढायला सांगा, म्हणजे फरक पडला की नाही यावर घरात वाद होणार नाही. गोळी सकाळी की रात्री तेही विचारून घ्या, झोप उडते त्यांना सकाळी देतात.

आजींना न्या. नांदेडच्या वाचकांनी लाखाचं सांगितलंय.

औसा_कोरडवाहू

माय येते म्हणाली. फक्त विचारत होती, तिथं सुई टोचतात का.

परभणीच्या_बाई

नाही म्हणावं. एकदाच सांगा हो तिला पण!